सोलापूरचा मार्शल लॉ : पूर ओसरल्यावर उघडलेला दरवाजा

उजनीच्या काठावर बोलायचं म्हटल्यावर धरणाचंच उदाहरण घेऊ. पाणी वाढलं की दरवाजे उघडतात, ओसरलं की बंद करतात. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण पूर ओसरल्यावर कुणी दरवाजे उघडले, तर तुम्ही लगेच विचाराल, "आता कशाला?" आज सोलापूरच्या मार्शल लॉबद्दल आपल्याला हाच प्रश्न विचारायचा आहे. १२ मे ते ३० जून १९३०, म्हणजे जवळजवळ सात आठवडे, सोलापूर लष्कराच्या ताब्यात होतं.

आधी शहर कसं होतं ते बघू. रेल्वे १८६० मध्येच सोलापूरला पोहोचली होती. १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या आल्या. दुष्काळात खेड्यांतली माणसं कामाला तिकडे गेली, तेलंगणातून विणकर आले. त्यामुळे हे कामगारांचं शहर. इथं चळवळ पेठेपेठेत, चाळीचाळीत पोहोचायची.

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि शहरात हरताळ सुरू झाला. ८ मे रोजी लोक शहराबाहेर शिंदीची झाडं तोडायला गेले. दारूबंदीच्या सत्याग्रहाचाच तो भाग होता. पोलिसांनी काहींना धरलं, जमाव आडवा आला, गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. मग लोक भडकले. मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटली, दोन पोलीस मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली. ही हिंसा खरी आहे, ती झाकायचं कारण नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. पोलीस शहरातून निघून गेले. ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस शहरात सरकार दिसत नव्हतं. मग लुटालूट झाली का? तर नाही. काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकात उभे राहिले आणि व्यवहार सांभाळले. सोलापूरकर आजही अभिमानानं ज्या 'स्वातंत्र्याच्या दिवसां'ची आठवण काढतात, ते हेच.

आणि मार्शल लॉ पुकारला गेला तो त्यानंतर, १२ मेला!

आता कायदा काय म्हणतो बघा. इंग्रजी परंपरेत मार्शल लॉ एकाच खांबावर उभा असतो, तो म्हणजे निकड. नेहमीचा कारभार चालवणं अशक्य झालं, तरच लष्करानं तो हाती घ्यायचा आणि अडचण सरली की परत करायचा. सोलापुरात अशी निकड कितपत होती? सरकारलाही कायद्याचा जादा आधार लागला, म्हणून व्हाइसरॉय आयर्विन यांनी सोलापूरसाठी वेगळा वटहुकूम काढला. पुढे चनप्पा शांतीरप्पा यांच्या प्रकरणात हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

लष्करानं सात आठवड्यांत केलं काय, हे पाहिलं की हेतू कळतो. नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा होता, तो उतरवला. गांधी टोपीवर डोळा ठेवला. पुढाऱ्यांना तुरुंगवास आणि मोठाले दंड झाले. टोपी आणि झेंडा यांनी कुणाचा जीव जात नाही. पण त्यांनी सरकारचा दरारा जातो, आणि तीन दिवस गेलेला तो दरारा परत बसवायचा होता. १९१९ मध्ये पंजाबात मार्शल लॉखाली लोकांना रस्त्यावरून सरपटायला लावलं, त्यामागेही हेच गणित होतं.

३० जूनला लष्करी अंमल उठला, पण हिशेब मिटला नाही. पोलिसांच्या खुनाबद्दल नेहमीच्या न्यायालयात खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. ही नुसती चार नावं नाहीत, हे गिरणगाव सोलापूरच आहे. शहरातल्या चार पुतळ्यांसमोरून जाताना एवढं आठवा.

तेव्हा कुठंही लष्कर बोलावलं गेलं, की 'ते का आलं' एवढ्यावर थांबू नका. आलं तेव्हा पाणी किती होतं आणि दरवाजा बंद करायचा निर्णय कुणाच्या हातात होता, हेही विचारा. धरणाकाठच्या माणसांना हा प्रश्न शिकवावा लागत नाही.