पेट स्कॅन पोटाचा नव्हे!

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात डॉक्टरांनी ‘पेट स्कॅन’ सांगितला, की घरच्यांना वाटतं पोटाचा फोटो काढायचाय. ‘यांचं दुखणं तर कमरेत, मग पोट कशाला?’ मेहकरकडच्या एका मावशींनी मला विचारलं. काकांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचलेला. लघवीचा त्रास ‘वयामुळे असेल’ म्हणून त्यांनी वर्षभर अंगावर काढला. या बाबतीत आपली पुरुषमंडळी बायकांपेक्षा लाजाळू! पण फाईल सांभाळणं, तारखा लक्षात ठेवणं शेवटी आपल्याकडेच येतं ना, मैत्रिणींनो?

‘पेट’ हे एका लांबलचक इंग्रजी नावाचं छोटं रूप. यात शिरेतून किंचित किरणोत्सर्गी औषध देतात. प्रोस्टेटच्या बहुतेक कॅन्सरपेशींवर ‘पीएसएमए’ नावाचं प्रथिन भरपूर असतं. औषध त्याला चिकटतं आणि तासाभराने काढलेल्या फोटोत त्या जागा चमकतात. औषधातलं गॅलियम दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून दिलेली वेळ चुकवायची नाही. देशातलं पहिलं पेट यंत्र २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आलं. आता नागपूरलाही सोय आहे.

आजार कुठवर पसरलाय हे कळायला पहिला स्कॅन. उपचार लागू पडतोय का, हे बघायला पुढचा. आणि खरा घोळ होतो तो इथेच! काकांना हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली आणि महिन्याच्या आतच कुणीतरी घाईने स्कॅन करवला. ठिपके आधीपेक्षा जास्त चमकले! मुलगा म्हणाला, ‘इंजेक्शनं बंद, झाडपाल्याचं औषध आणू.’ मावशींनी मात्र रक्ताच्या ‘पीएसए’ तपासणीचा कागद पुढे केला. तो आकडा चांगलाच उतरला होता.

हार्मोनचे उपचार सुरू झाले की सुरुवातीला पेशींवरचं पीएसएमए वाढू शकतं. मग आजार वाढलेला नसतानाही चमक वाढते. म्हणून तज्ज्ञ साधारण तीन महिने थांबायला सांगतात. काकांच्या तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये बरेच ठिपके विझले होते.

उलटंही घडतं बरं का. काही पेशी पीएसएमए गमावतात. फोटो स्वच्छ दिसतो, पण दुखणं वाढतच जातं. अशा वेळी डॉक्टर साखरेसारख्या औषधाचा, म्हणजे ‘एफडीजी’चा, वेगळा पेट स्कॅन सांगतात. त्याला उपाशीपोटी जावं लागतं. म्हणून नुसत्या फोटोवर निकाल लावू नये; पीएसए, हाडांचं दुखणं, वजन सगळं एकत्र बघावं लागतं. जुन्या स्कॅनची सीडी जपून ठेवा आणि जमलं तर पुढचा स्कॅन त्याच ठिकाणी, त्याच औषधाने करा. नाहीतर तुलना कशाशी करणार?

स्कॅननंतर पाणी भरपूर प्यायला द्या. त्या दिवशी काही तास नातवाला मांडीवर देऊ नका, घरात गरोदर सून असेल तर तिलाही दूर बसवा. आपल्या योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. आणि शेगाव, मलकापूरहून रेल्वेने जाणार असाल तर रुग्णालयाकडून सवलतीचा दाखला घ्या. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपरचं भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट मिळते.