खालची पट्टी जागेवर राहिली पाहिजे

बुलढाणा जिल्ह्यात कॉम्प्युटर बहुधा दुसऱ्या हाताने येतो. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून निघालेला, मधल्या एखाद्या दुकानात झाडूनपुसून ठेवलेला, नाहीतर मुलाने नवा लॅपटॉप घेतला म्हणून गावाकडे वडिलांच्या टेबलावर आलेला. चिखली, मेहकर, मोताळ्याच्या शाळांत आणि वाचनालयांत अशीच यंत्रं मी वर्षानुवर्षं पाहत आलो. त्यामुळे लिनक्सवर कोणता डेस्कटॉप टाकायचा, हा इथं हौसेचा प्रश्न नव्हता. समोरच्या डब्यात काय मावतं, तेवढं पाहायचं.

उबंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ ची. पुढची काही वर्षं तिच्या सीड्या फुकट घरपोच यायच्या. शिपइट नावाची ती योजना होती. पत्ता भरून ठेवायचा, मग कधीतरी पोस्टमन परदेशी शिक्क्याचं पाकीट टाकून जायचा, टपालखर्चही त्यांचाच. डायल-अपवर सातशे एमबी उतरवण्याचा विचारही कुणी करत नसे, तेव्हा ही मोठीच सोय. त्या सीडीत ग्नोम २ हा डेस्कटॉप असायचा. वर एक पट्टी, खाली एक पट्टी. २५६ एमबी रॅमच्या पेंटियम ४ वर तो कुंथत चालायचा, पण चालायचा. डेस्कटॉप वेगळा निवडता येतो हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

हलका, वेगवान डेस्कटॉप का लागायचा, तेही सांगतो. त्या काळात विदर्भात भारनियमन होतं. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, वीज गेली की जेमतेम फाइल सेव्ह करण्यापुरता वेळ. वीज आल्यावर यंत्र पुन्हा उठायला पाच मिनिटं लागली, तर पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत उरणार काय? त्यात खामगाव-मलकापूर हा कापसाचा पट्टा. जिनिंगच्या हंगामात सीपीयूच्या पंख्यावर कापसाचे तंतू बसतात, पंखा अडखळला की प्रोसेसर तापतो आणि आपणहून मंदावतो. मे महिन्यात तर विचारूच नका. अशा यंत्रावर खिडक्यांच्या सावल्या आणि सरकते पडदे म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

एप्रिल २०११ हा महिना मात्र लक्षात राहण्यासारखा. शिपइट बंद झाल्याचं त्याच महिन्यात जाहीर झालं, ग्नोम ३ त्याच महिन्यात आला आणि उबंटूच्या ११.०४ आवृत्तीत युनिटी नावाचा नवा अवतारही तेव्हाच उतरला. दोघांनाही ग्राफिक्सचा ड्रायव्हर धड लागायचा. आपल्याकडच्या असेंबल केलेल्या यंत्रांत एसआयएस चिपसेटचे स्वस्त बोर्ड भरपूर, आणि त्यांच्यावर लिनक्सचा पडदा ८०० बाय ६०० वर अडून बसायचा. पण शाळेतून येणारी तक्रार वेगाची नसे. ‘सर, खालची पट्टी काऊन दिसत नाही?’ एवढाच प्रश्न. मास्तरांनी मोठ्या मेहनतीने मुलांना शिकवलेलं सगळं त्या पट्टीवर टांगलेलं होतं.

मग हलक्या पर्यायांचा शोध सुरू झाला. अर्जेंटिनातल्या एकाने जुना ग्नोम २ उचलून माटे नावाने जिवंत ठेवला. पपी लिनक्स पूर्णपणे रॅममध्ये चढून बसायचा. हार्डडिस्क गेलेल्या यंत्रावरही तो उठे, म्हणून मुलांना जादू वाटायची. रोजच्या वापराला मात्र दोनच नावं टिकली, एलएक्सडीई आणि एक्सएफसीई.

एलएक्सडीई २००६ मध्ये तैवानच्या होंग जेन यी याने सुरू केला. हा गृहस्थ पेशाने डॉक्टर. ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर, एक फाइल मॅनेजर, खाली पट्टी, संपलं. शंभर एमबीच्या आसपास रॅम खाऊन तो गप्प बसायचा. एक्सएफसीई त्याहून वयाने मोठा. फ्रान्सच्या ऑलिव्हिए फुर्दां याने तो १९९६ मध्ये लिहायला घेतला. रॅम थोडी जास्त घ्यायचा, म्हणून आधी आम्ही सगळे एलएक्सडीईकडेच वळलो.

अडचण आली ती मराठीची. एलएक्सडीईत कीबोर्डचा लेआउट बदलण्याची धड सोय नव्हती. मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट हवा असेल तर सुरुवातीला चालणाऱ्या फाइलीत एक ओळ हाताने लिहायची, आणि कुणी ती चुकून पुसली की मुख्याध्यापकांचा फोन ठरलेला. एक्सएफसीईत सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी जोडता येई आणि पट्टीवर लेआउट दाखवणारं छोटं चिन्ह बसे. २०१५ मध्ये शाळांसाठी ‘सरल’ ही ऑनलाइन प्रणाली आली आणि विद्यार्थ्यांची माहिती तिच्यात भरायची घाई सुटली, तेव्हा त्या चिन्हाची किंमत वाचणाऱ्या पन्नास एमबी रॅमहून कितीतरी जास्त ठरली. मी नव्या यंत्रावर सगळ्यात आधी ‘वऱ्हाड’ टाइप करून पाहायचो. रफार न होता चंद्रकोरीसारखा र उमटला, तर फॉन्ट ठीक. जुन्या फॉन्टांत आपल्या प्रांताचं नाव हमखास बिघडायचं. टाइपरायटरच्या रेमिंग्टन लेआउटवर हात बसलेल्या टायपिस्टांचं समाधान मात्र कुणालाच नीट करता आलं नाही.

माझं मत तेव्हापासून एक्सएफसीईच्या बाजूने झालं, आणि त्याचं कारण हळू चाल. त्याची ४.१० ही आवृत्ती एप्रिल २०१२ ची, ४.१२ फेब्रुवारी २०१५ ची आणि ४.१४ थेट ऑगस्ट २०१९ ची. शहरातले तरबेज लोक याला आळस म्हणायचे. इथं एकदा शिकवलेलं सात वर्षं तसंच चाललं. याउलट एलएक्सडीईच्या कर्त्याला खिडक्या-बटणं रेखाटणारं जीटीके ३ जड वाटलं, तो २०१३ मध्ये त्याच कामाच्या क्यूटीकडे वळला, त्यातून एलएक्सक्यूटी झाला आणि उबंटूचा हलका भाऊ असलेल्या लुबंटूने २०१८ च्या ऑक्टोबरात तोच स्वीकारला. हलका तो अजूनही आहे, पण मेनू आणि सेटिंग्ज पुन्हा नव्याने शिकवायला जायचं कोणी?

रॅमचा हिशेब तोपर्यंत ब्राउझरनेच मोडीत काढला होता. गूगलने क्रोम मार्च २०१६ पासून ३२-बिट लिनक्सवर देणं थांबवलं. आता दोन-चार टॅब उघडले की एखाद जीबी सहज जाते. मग डेस्कटॉपने वाचवलेल्या शे-दोनशे एमबीचं कौतुक किती करायचं? ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिटचा इन्स्टॉलर बंद केला, आणि त्याच वर्षी फायरफॉक्सनेही ३२-बिट लिनक्सची साथ सोडली. ३२-बिट पेंटियम ४ ची गोष्ट तिथं संपली.

नवी लाट मात्र सुरू झाली. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. म्हणून दुसऱ्या ते चौथ्या पिढीतले कोअर आय३ आता आपल्याकडे येऊ लागलेत. चार जीबी रॅम, पण फिरणारी जुनी हार्डडिस्क. विचारायला येणाऱ्याला मी आधी एसएसडी घ्यायला सांगतो. मग एक्सएफसीई, विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये जाऊन खिडक्यांच्या सावल्या काढणारा कंपोझिटर बंद, आणि पट्टी वर असेल तर ओढून खाली. सरकारी सेवा केंद्रवाल्यांना मात्र लिनक्सचा आग्रह करत नाही. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर मिळेल की नाही, यावर त्यांचं दुकान चालतं.