नांगर घसरला की बोट गेली! वादळाआधी दोर-साखळीचा हिशेब करून ठेवा

मंडळी, 17 मे 2021 आठवतंय ना? तौक्ते वादळात मुंबई हायजवळचा पी-305 तराफा नांगरावरून सुटला, वाहत जाऊन तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आदळला आणि बुडाला. वर 261 माणसं होती, 70 हून अधिक जीव गेले.

त्याआधी 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 100-110 किलोमीटर. म्हणजे बोट बंदरात आली की सुटलो, असं नाही. तिथेही सगळी भिस्त नांगरावरच.

नांगर नुसत्या वजनाने धरत नाही. ओढ आडवी आली तरच तो तळात रुततो. ओढ वर आली की उपटतो. म्हणून दोर लांब सोडायचा आणि नांगराजवळ साखळी लावायची. 10 मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण सव्वादोन किलो भरते, ती दोराला तळाशी दाबून धरते. पण वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मग साखळीही ताठ होते, आणि लांबीच कामाला येते.

आता हिशेब बघा. भोपाळच्या मोठ्या तलावात होडी नांगरली तर रात्रभर पाणी तेवढंच. आपल्याकडे सहा तासांत भरती चढते. ओहोटीला पाणी 3 मीटर, नाळेची उंची 1 मीटर, म्हणून सातपट धरून 28 मीटर सोडला. भरतीला पाणी 4 मीटर चढलं की उंची झाली 8 मीटर. तुमचा दोर उरला साडेतीनपटच! वादळासाठी भरतीचंच पाणी धरा: 8 गुणिले 7, म्हणजे 56 मीटर.

बावटा लागायच्या आधी एवढं करा:

• साखळी पूर्ण बाहेर काढून एकेक कडी बघा. झिजून बारीक झालेली कडी बदला.
• शॅकलची पिन तारेने बांधा. हलून हलून ती सुटते.
• नाळेवर दोर घासतो तिथे जुना रबरी पाइप चढवा. बरेच दोर तिथेच तुटतात.
• दोर नायलॉनचा घ्या. तो ताणतो, झटका खातो.
• दुसरा नांगर तयार ठेवा. दोन्ही नांगर नाळेवरून थोडे फाकवून टाका.
• खडपावर नांगर अडकतो किंवा घसरतो. चिखल किंवा रेतीचा तळ बघा.

बंदरात दाटी असेल तर लांब दोरावर बोट फिरून शेजारच्या बोटीवर जाते. तेव्हा कोणी किती दोर सोडायचा, कुठे उभं राहायचं, हे सगळ्यांनी मिळून आधीच ठरवा. एकाचा नांगर घसरला की दहा बोटी फुटतात.

आणि एवढं करून झालं की खलाशांना घेऊन किनाऱ्यावर या. बोट राखायला वादळात कोणीही वर थांबू नका. बोट पुन्हा बांधता येते.