पदकांवरील राजसत्तेची चिन्हे : इटलीपासून दिल्ली दरबारापर्यंत

या पाठात पदक हे इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचायचे ते आपण पाहणार आहोत.

प्रबोधनकाळातील पदके

पिसानेल्लो या इटालियन चित्रकाराने १४३८ च्या सुमारास बायझंटाईन सम्राट आठवा जॉन याचे पदक घडवले. व्यक्तिचित्र असलेल्या पदकांच्या परंपरेची सुरुवात त्यापासून मानतात. नमुना प्राचीन रोमन नाण्यांचा होता : दर्शनी बाजूस चेहरा, भोवती नाव व पदवी, मागे त्या व्यक्तीचा गुण किंवा पराक्रम सांगणारे चित्र. नेपल्सचा राजा आल्फोन्सो याच्या १४४९ च्या पदकामागे आपली शिकार इतर पक्ष्यांना सोडणारा गरुड आहे. अर्थ असा की, राजा उदार आहे. नाणे बाजारात फिरते. पदक मात्र राजा निवडक माणसांना भेट देई.

दिल्ली, १८७७

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या उत्तरेकडील मैदानात, आजच्या कॉरोनेशन पार्कच्या परिसरात, दरबार भरला. व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-ए-हिंद’ घोषित केले गेले. पण राणी स्वतः आलीच नव्हती. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लिटन होते. राणीचा मुकुटधारी चेहरा संस्थानिकांपर्यंत पोहोचवला तो पदकाने.

मागील बाजूस पदवी इंग्रजी, फारसी व देवनागरी अशा तीन लिप्यांत आहे. ‘कैसर’ हा शब्दही रोमन ‘सीझर’वरूनच आलेला. म्हणजे चेहरा आणि पदवी, दोन्हींची मुळे रोममध्ये आहेत.

पदक कोणाच्या गळ्यात?

मुघल दरबारात सरदार नजराणा देत आणि बादशहा खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, देई. १८७७ मध्ये संस्थानिकांना निशाणे आणि गळ्यात घालायची सुवर्णपदके मिळाली. येथे एक बारकावा लक्षात घ्या. इटालियन पदक हातात घेऊन उलटसुलट पाहायचे असे. गळ्यातल्या पदकावरचा राणीचा चेहरा मात्र समोरच्यांना दिसतो. घालणाराच त्या सत्तेची खूण बनतो.

त्या दरबारात बडोद्याचे १३ वर्षांचे सयाजीराव गायकवाडही होते. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात त्यांनी पंचम जॉर्ज यांना एकदाच लवून अभिवादन केले आणि पाठ वळवून ते निघाले. त्यावरून मोठा गदारोळ झाला. चिन्हांची भाषा सर्वांना समजत होती, म्हणूनच ती मोडल्याचेही सर्वांना समजले.

सराव : तुमच्या जवळच्या संग्रहालयातील एखादे पदक पाहा. त्यावर कोणाचा चेहरा आहे, मजकूर कोणत्या लिपीत आहे आणि ते कोणी घालायचे होते, हे तीन मुद्दे नोंदवा.