पश्चिमेची भिंत आणि चंद्रपूरचा कोळसा

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि एसी रात्रीही थांबत नाहीत. महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते. 2920 मेगावॉटचे महाऔष्णिक केंद्र तर चंद्रपूरलाच आहे. घर गार ठेवायला जाळलेल्या कोळशाचा धूर तिथल्याच लोकांच्या छातीत जातो.

यात भिंतीचा वाटा किती? हल्ली मोठ्या शहरांत मायवान शटरिंगच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून भिंती घडवलेल्या इमारती झपाट्याने उभ्या राहतात. त्यांच्या काँक्रीटच्या भिंती बहुधा 15 सेंटिमीटरच्या आत. काँक्रीट उष्णतेला जवळजवळ अडवतच नाही. पश्चिमेची दहा चौरस मीटर भिंत उन्हाने 55 अंशांवर गेली आणि खोली 27 अंशांवर ठेवली, तर ढोबळ हिशेबाने आत सुमारे 1200 वॉट उष्णता शिरते. ती बाहेर फेकायला एसी 400 वॉटच्या आसपास वीज खातो. पाच तासांत दोन युनिट, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास कोळसा. एका खोलीच्या एका भिंतीपायी! आपल्या कोळशात राखच 30 ते 40 टक्के. शिवाय सल्फर डायऑक्साइड वेगळा.

याच भिंतीला बाहेरून पाच सेंटिमीटर थर्माकोलचा थर दिला, तर 1200 वॉटचे दोनशेच्याही खाली येतात. थर्माकोलमध्ये अडकलेली हवा हलत नाही, म्हणून उष्णता फारशी पुढे सरकत नाही. थर बाहेरून हवा. आतून लावला तर काँक्रीट दिवसभर तापतच राहते. नवे बांधकाम असेल तर हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला हलका एएसी ब्लॉक सोपा.

जुन्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंतींचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट विसरतो: त्या उष्णता साठवतात आणि उशिरा सोडतात. रात्र गार असेल तरच त्याचा उपयोग.

थर्माकोल जळतो, हेही सांगायला हवे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये लागलेली आग बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून पसरली आणि 72 जण दगावले. उंच इमारतीला न जळणारे रॉकवूलच बरे, महाग असले तरी.

केंद्र सरकारच्या 2018 च्या 'इको निवास संहिते'ने थंड प्रदेश वगळता भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे 15 वॉटची मर्यादा घातली आहे. फ्लॅट बघायला जाल तेव्हा मॉड्युलर किचनआधी बिल्डरला हा आकडा विचारा.