सतराव्या वर्षी डॉक्टरकीची मुलाखत

बारावीनंतर डॉक्टर व्हायचं तर आपल्याकडे काय लागतं? ‘नीट’चे मार्क! ‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’ असं प्रवेशाच्या वेळी सहसा कुणी विचारत नाही. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, हा त्याला अपवाद. तिथे ‘नीट’नंतर मुलाखतही द्यावी लागते.

अमेरिकेत मात्र वेगळीच तऱ्हा आहे, बरं का दोस्तांनो! तिथली मुलं शाळा संपल्यावर सहसा थेट मेडिकलला जात नाहीत. आधी चार वर्षं कॉलेज, मग ‘एमकॅट’ नावाची परीक्षा आणि मग चार वर्षं मेडिकल. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स मेडिकल स्कूल १८९३ साली सुरू झालं, ते पदवीधरांनाच प्रवेश देण्याच्या अटीवर. पुढे बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला. पण काही विद्यापीठांनी एक जोडरस्ता ठेवला आहे. शाळेत असतानाच कॉलेज आणि मेडिकल, दोन्हींची जागा एकदम मिळते. ब्राउन विद्यापीठाचा असा अभ्यासक्रम आठ वर्षांचा आहे, तर कॅन्सस सिटीतल्या मिसूरी विद्यापीठाचा सहा वर्षांचा. जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर! बहुतेक ठिकाणी तिथले नागरिक किंवा ग्रीन कार्डवालेच चालतात. त्यामुळे ही धावपळ तुमच्यापेक्षा तिकडे राहणाऱ्या तुमच्या मावस-आतेभावंडांची जास्त.

सगळीकडे मुलाखत असतेच असं नाही. जिथे असते, तिथे अर्ज चाळून निवडलेल्या मुलांना साधारण हिवाळ्यात बोलावणं येतं. मार्कांची छाननी तोवर झालेली असते. समोर मेडिकलचे प्राध्यापक, कधी तिथेच शिकणारा एखादा विद्यार्थी. कुणी तुमचा अर्ज वाचून आलेला असतो, तर कुणाला मुद्दामच तो दाखवलेला नसतो. विचारतात काय? तर, इतक्या लवकर कसं ठरवलंस? दवाखान्यात डॉक्टरांबरोबर फिरलीस, तिथे काय पाहिलंस? आणि डॉक्टर झाली नाहीस तर?

हा शेवटचा प्रश्न भारी अवघड! माझी एक भाची न्यू जर्सीत वाढली. तिने वीस-पंचवीस उत्तरं घोटून ठेवली होती. ‘आजीचं डायलिसिस पाहून डॉक्टर व्हावंसं वाटलं,’ हे त्यातलं हुकमी. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘डायलिसिस चालू असताना तुम्ही दोघी काय बोलायचात?’ झालं! हे काही पाठ केलेलं नव्हतं. थोडा वेळ ती गप्पच बसली. मग म्हणाली, ‘आजी मला पत्त्यांत फसवायची.’ पुढची दहा मिनिटं त्या दोघी आजीबद्दलच बोलत होत्या.

पण सगळ्यांच्याच वाट्याला अशा बाई येतात का? एखाद्याचा परीक्षक वैतागलेला असेल, एखाद्याला नेमका आपल्यासारखाच क्रिकेटवेडा भेटेल. मग निवड गुणांची झाली की नशिबाची? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या मंडळींनाही हेच खटकत होतं. त्यांनी एका लांबलचक मुलाखतीचे तुकडे करून पाहिले आणि २००४ साली ती पद्धत जगापुढे मांडली. आता अमेरिकेतही अनेक ठिकाणी ती वापरतात.

कल्पना करा, लांब व्हरांडा आहे आणि ओळीने आठ-दहा खोल्या. प्रत्येक दारावर एक कागद. तो वाचायला दोनेक मिनिटं मिळतात. घंटा झाली की आत जायचं, सात-आठ मिनिटं बोलायचं, पुन्हा घंटा, की पुढचं दार! (खो-खोची आठवण झाली ना?) दर खोलीत परीक्षक नवा. एका खोलीत फजिती झाली तरी पुढच्याला त्याचा पत्ताच नसतो.

मॅकमास्टरच्या सुरुवातीच्या प्रसंगांमधला हा एक बघा. तुम्हांला आणि तुमच्या सहकारी बाईंना महत्त्वाच्या कामासाठी विमानाने जायचंय. पण २००१ सालच्या न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर त्यांनी विमानाची धास्तीच घेतलीय. त्यांना विमानतळावर न्यायला तुम्ही आला आहात. त्या आत बसल्या आहेत, आत जा! त्या बाई असतात एक नटी, आणि परीक्षक कोपऱ्यातून पाहत असतो.

आता तुम्ही काय कराल? ‘घाबरू नका हो, विमान मोटारीपेक्षा सुरक्षित असतं,’ असं म्हणाल? बहुतेक जण हेच म्हणतात. आकड्यांनी भीती कुठली जायला! बाईंना विमानात बसवलंत की नाही, याला इथे महत्त्व नाही. तुम्ही त्यांचं ऐकून घेतलंत का, हे बघायचं असतं. उद्या ऑपरेशनला घाबरलेला पेशंट समोर आला, तर तुम्ही त्याच्याशी असेच वागणार ना!

आई-बाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. उत्तरं लिहून देऊन ती पाठ करून घ्यायचा मोह होतो. माझ्या बहिणीलाही झाला होता. तयारी जरूर करून घ्या, पण जेवताना गप्पा मारत. ‘तुझा मित्र कॉपी करताना दिसला, तर?’ असं विचारा आणि मग मधे न बोलता ऐका. हे तुम्हांलाच जास्त जड जाईल!

भाचीचं काय झालं? त्या विद्यापीठाने तिला प्रतीक्षायादीत ठेवलं आणि पुढे काही बोलावणं आलं नाही. ती साध्या कॉलेजात गेली. सध्या एमकॅटचा अभ्यास चालू आहे. मधे फोनवर म्हणाली, ‘मावशी, डॉक्टर झाली नाहीस तर, या प्रश्नाचं माझ्याकडे आता खरं उत्तर आहे. पण ते आईला सांगू नकोस हं!’