टॅक्सीचा मीटर

टॅक्सी हा शब्द आपण गाडीला लावतो. पण मुळात तो गाडीचा नव्हे, मीटरचा आहे. 1891 साली जर्मनीत ब्रून नावाच्या गृहस्थाने अंतर मोजून भाडे दाखविणारे यंत्र सिद्ध केले. ते टॅक्सीमीटर या नावाने रूढ झाले आणि ज्या गाडीवर ते बसले ती गाडी टॅक्सी झाली. वाण्याला त्याच्या तागडीवरून नाव पडावे, तसाच हा प्रकार! तथापि त्यात एक अर्थ आहे. भाड्याची गाडी काही नवी नव्हती. नवे होते ते एवढेच, की घासाघीस संपली आणि दोन अनोळखी माणसांच्या मध्ये एक यंत्र साक्षीला येऊन बसले.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर हा साक्षीदार बाहेरच्या अंगाला, डाव्या हाताला असे. आमच्या लहानपणी, म्हणजे 1990 नंतरच्या दहा-बारा वर्षांत, दादर स्टेशनाबाहेर टॅक्सीत बसले की चालक हात बाहेर काढून, नाहीतर खाली उतरून, मीटरचा झेंडा खाली पाडी. खट्‌कन आवाज होई. मीटर ‘पडला’ असे आपण म्हणतो ते त्यावरून.

आतली रचना सोपी होती. चाक फिरले की त्याची गती एका फिरत्या तारेवाटे मीटरात येई आणि दातेरी चाकांची जोडणी आकडे पुढे ढकली. गाडी सिग्नलला थांबली तर? तेव्हा घड्याळाची चावी काम करी आणि थांबण्याचा आकार चढे. म्हणजे मीटर रस्ता पाहत नव्हता, चाकाचे फेरे मोजत होता. ही गोष्ट लबाडांच्याही ध्यानात आली होतीच. चाक ठरल्यापेक्षा लहान बसवले तर तेवढ्याच रस्त्याला फेरे अधिक होतात आणि भाडे फुगते. म्हणून मीटर तपासून त्याला सील ठोकावयाचे, आणि गाडी मोजलेल्या अंतरावर चालवून पाहावयाची, अशी पद्धत पडली.

पण खरी गंमत पुढेच आहे. दर वाढले की मीटरातली दातेरी चाके बदलावयास हवीत. मुंबईसारख्या शहरात हजारो गाड्यांची चाके प्रत्येक दरवाढीला बदलणार कोण, आणि त्याचा खर्च सोसणार कोण? मग युक्ती निघाली ती दरपत्रकाची, म्हणजे आपल्या बोलीतल्या कार्डाची. मीटर जुन्याच काळातले आकडे दाखवी. मीटरात एक रुपया दिसला तर कार्डावर त्याच्यासमोर दहा रुपयांहून अधिक आकडा छापलेला असे. दिवसाचा रकाना वेगळा, मध्यरात्रीनंतरचा वेगळा. परगावच्या पाहुण्याला हे पटता पटत नसे. मीटर खोटा नव्हता. त्याची भाषा जुनी झाली होती एवढेच, आणि कार्ड हा त्याचा दुभाष्या होता.

एकदा रात्री वडिलांनी छतातल्या मंद दिव्याखाली कार्ड धरले, चष्मा वर-खाली केला आणि चालकाला पैसे दिले. त्याने ते मोजले, कार्ड हातात घेतले आणि म्हणाला, “काका, तुम्ही रात्रीचा रकाना वाचलात. अजून बारा वाजले नाहीत.” आणि वरचे पैसे परत केले. सगळेच चालक असे होते असे मी म्हणणार नाही. पण चूक दाखविता आली, कारण कागद दोघांच्याही हातात होता.

2012 च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि कार्डाचे काम संपले असे वाटले. ते काही पूर्णपणे संपले नाही. 1 फेब्रुवारी 2025 पासून टॅक्सीचे किमान भाडे 28 रुपयांवरून 31 रुपये झाले, तेव्हा नव्या मीटरांतही नवा दर भरून घ्यावयाचा होता. आणि तोवर पुन्हा दरपत्रकच कामी आले. ज्या गाडीशी माझ्या पिढीला हा मीटर जोडलेला वाटतो ती पद्मिनी मात्र तोवर गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदलेली होती, आणि 2023 च्या ऑक्टोबरात तिची वर्षे भरली. तिचे दार आपटल्याखेरीज लागत नसे आणि उन्हाळ्यात आत भट्टी होई, हेही सांगितले पाहिजे. मला तिच्यासाठी फारसे हळहळावेसे वाटत नाही.

हळहळ वाटते ती वेगळ्या गोष्टीची. आता आपण मोबाइलवर गाडी बोलावतो. भाडे आधीच कळते, वाद होत नाही, ही सोय खचितच मोठी आहे. पण मीटरचा दर सरकार ठरवी, तो छापलेला असे, आणि श्रीमंताला व गरिबाला, पावसात व उन्हात तोच लागू असे. मोबाइलवरचा आकडा गर्दी पाहून चढतो-उतरतो. तो कसा निघाला हे ना उतारूला ठाऊक, ना चालकाला.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजच्या फाटकाशी मी आणि माझे एक सहकारी उभे होतो. दोघांनाही त्याच स्टेशनाला जावयाचे होते. दोघांनी एकाच वेळी मोबाइल काढले. त्यांच्या पडद्यावरचा आकडा माझ्यापेक्षा चाळीस रुपयांनी अधिक होता. गाडी आली तेव्हा आम्ही चालकाला कारण विचारले. त्याने आपला मोबाइल आमच्यासमोर धरला. त्यावर तिसराच आकडा होता.